होम प्लेटवरून वरात

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे चाकाच्या खुर्चीत धुळीने माखलेली एक खेळाडू होती आणि खुर्ची धरून तिच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल कोच मॅडम उभ्या होत्या.

“मॅडम, फायनलचं काय झालं? माझा होमरन धरला ना?”

“पाय हलवू नकोस.”

“म्हणजे नाही धरला!”

“अगं, होम प्लेटला पाय लावल्याशिवाय कसा धरतील? चार पावलं राहिली होती. तेवढ्यात आपल्या सगळ्या बयांनी तुला खांद्यावर घेतलं.”

“मी ओरडले की, खाली ठेवा म्हणून.”

“त्यांना वाटलं, आनंदाने ओरडतेय. वरात काढली प्लेटवरून. अंपायर बिचारे गुडघ्यावर बसून बघतायत, हिचा पाय कुठे टेकतोय का.”

“टेकला ना शेवटी! केवढ्याने आपटले मी.”

“ते पलीकडे, कुंपणापाशी.”

“पण बॉल तर मी थेट मैदानाबाहेर मारला होता!”

“हो ना. आणि आपल्याच मुलींनी तुला आउट केलं. धावणारीला हात लावायचा नाही, नियमच आहे.”

“जिंकल्याच्या आनंदात केलं हो त्यांनी.”

“कसलं जिंकणं? एका रनने मागे होतो आपण. तुझा धरला असता तरी नुसती बरोबरी!”

“कॅप्टनला नाही कळलं?”

“सगळ्यात आधी तिनेच उचललं. गणितात पहिली येते म्हणे.”

“म्हणजे... हरलो?”

“समोरच्या मुली कप घेऊन फोटो काढत होत्या, तरी आपल्या नाचतच होत्या.”

दार उघडून एक्स-रेवाला बाहेर आला.

“कुणाचा पाय? जमिनीला टेकवता येतोय का?”

“येतो की,” मॅडम म्हणाल्या, “फक्त वेळेवर टेकत नाही.”