कंट्रोलचे उंदीर आणि सरांची शेवटची सही

आदरणीय अध्यक्ष नानासाहेब, प्रमुख पाहुण्या प्रेमलताजी, सत्कारमूर्ती डॉक्टर शंतनु बिवलकर सर, शारदावहिनी, आणि मागच्या रांगेत कचोरीच्या वासानं चुळबुळणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी वसुंधरा पाडळकर. सरांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं टेक्निशियन आहे. कॉलेजातला निरोप परवा हिंदीत झाला, तिथे मला माइक मिळाला नाही. आज आपल्या मराठी समाजाचा सत्कार, म्हणून संयोजक म्हणाले, "ताई, सरांबद्दल दोन गोड शब्द बोला." बोलते. गोडाची गॅरंटी नाही.

सर शिस्तीचे, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मल्हारगंजातून स्कूटरवर निघून बरोब्बर दहाला हजर. मंगळवारी आणि शुक्रवारी थेट उंदरांच्या खोलीत राउंड. बूट वाजवत, दार आपटत, "कौन है यहाँ?" अशी गर्जना! उंदरांची देखभाल करणारे आमचे बंडू भिया भिंतीला चिकटून उभे राहायचे. हसताय काय भिया, राहायचात की नाही?

माझी पीएचडी सरांच्याच हाताखाली, याच खोलीत चालली होती. विषय सोपा करून सांगते. ताण आला की मेंदूतलं सेरोटोनिन हायपोथॅलॅमसला जागं करतं, तिथून निरोप उतरत उतरत किडनीवरच्या इवल्या ग्रंथींपर्यंत जातो, आणि रक्तात ताणाचं हॉर्मोन वाढतं. माझ्याकडे उंदरांचे तीन गट होते. एकाला मुद्दाम ताण द्यायचा. दुसरा कंट्रोल, त्याला बिलकुल त्रास द्यायचा नाही. तिसराही तसाच निवांत, फक्त औषध देऊन त्याच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटवलेलं.

आणि झालं काय? कंट्रोलच्या निवांत उंदरांचंही हॉर्मोन वाढलेलं निघालं. सरांनी सगळ्या डिपार्टमेंटसमोर माझी वही टेबलावर आपटली. "उंदीर हिलाच घाबरतात! हिचा हात थरथरतो!" म्हणाले. माझ्या फाईलमध्ये शेरा मारला, "हात अस्थिर, संशोधनास अपात्र." माझं रजिस्ट्रेशन रद्द झालं. त्या दिवशी मी राजवाड्यापर्यंत पायी गेले, कारण ऑटोवाल्यासमोर रडायची लाज वाटली. सर, ते तुम्हाला आठवतही नसेल. मला तर रस्त्यातला एकेक खड्डा आठवतो.

पण मी गप्प बसले असं वाटलं काय तुम्हाला? चार वर्षं तीच वही उलटतेय. कंट्रोलच्या उंदरांचं हॉर्मोन वाढायचं ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मे महिन्यात सर दोन आठवडे परदेशी होते. तेव्हाचे मंगळवार-शुक्रवार बघा, उंदीर एकदम शांत. हात माझाच, सुई तीच!

बरं, तिसरा गट? सरांच्या राउंडच्या दिवशीही त्यांचं हॉर्मोन जेमतेम वाढलेलं. माझ्या थरथरत्या हातानं रक्ताचे नमुने बिघडले असते, तर त्यांचेही बिघडले नसते का? सर त्यांनाही ऐकू गेलेच होते हो. पण निरोप खाली पोचवणारं सेरोटोनिनच त्यांच्यात कमी होतं. तेव्हा सर, उंदीर मला नाही, तुम्हाला घाबरत होते.

एक चूक माझीही होती, ती कबूल करते. खोलीच्या दारावर पाटी होती, नमुने घेण्याआधी शांतता राखा. पण डिपार्टमेंटची रीत अशी, की राउंड झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, आणि साहेबांना पाटी दाखवायची नाही. मी दाखवली नाही. आम्ही कुणीच दाखवली नाही.

नानासाहेब, घंटी वाजवू नका, संपवतेच. प्रेमलताजी याच विषयातल्या प्राध्यापक, त्यांनी ही वही गेल्या महिन्यात पूर्ण वाचली, म्हणून तर त्या आज इथे आहेत. माझ्या नव्या गाइड व्हायला त्या तयार आहेत. अडलंय ते त्या एका शेऱ्यावर. ज्यानं मारला त्यानंच तो मागे घ्यायचा असा नियम आहे, आणि सर उद्या पाच वाजता रिटायर होतात. चार वेळा केबिनमध्ये अर्ज घेऊन गेले, चारही वेळा "बाद में देखेंगे" ऐकून परत आले. म्हणून आज हा अर्ज तीनशे लोकांसमोर आणलाय. होय, मुद्दाम. मला बदला घ्यायचा होता, आणि तो घेताना फार बरं वाटतंय.

संयोजकांचे आभार, बंडू भियांचे आभार, त्या मुक्या जिवांचे तर सगळ्यांत जास्त. बोलण्यात काही जास्त-कमी झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. सरांची मात्र मी माफी मागत नाही.

सर, हा अर्ज. हे पेन. आरामात सही करा. तुमचा हात थरथरतोय, दिसतंय मला. पण काळजी करू नका, मी ते कुठल्याही फाईलमध्ये लिहिणार नाही.