डेअरीतलं ॲसिड आणि सुनेची बाटली

हसू नका, पण सुनेनं आणलेलं औषध मी चक्क लपवून ठेवलं होतं. दुष्काळात टँकरच्या पाण्यानं माझी नाजूक कातडी आधीच कोरडी पडलेली, त्यात नाकावर हे काळे ठिपके. कारखान्यातून सभासदांना मिळते ती साखर घासून बघितली, तर ठिपके तसेच राहिले आणि नाक सोललं. गावच्या डेअरीत दूध तपासताना मी पदरानं तोंड झाकून बसायची.

सून मनीषानं बीडच्या डॉक्टरीणबाईंना विचारून बाटली आणली. "आत्या, हे सौम्य ॲसिड हाय. घासायचं न्हाई, नुसतं लावायचं."

ॲसिड म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. डेअरीत दुधाची फॅट मोजायला आम्ही ॲसिडच वापरतो. थेंब उडाला की साडीला भोक!

"अगं, माझं नाक काहून जाळायलीस?" म्हणाले आणि बाटली ज्वारीच्या कोठीत दडवली.

तिनं ती शोधून काढली आणि माझ्यासमोर स्वतःच्या नाकाला लावली. "बघा, पडलं का भोक?"

मग माझ्या कानामागं थोडं लावून पाहिलं. काही त्रास झाला नाही, तेव्हा दोघी मिळून एक दिवसाआड लावू लागलो, वरून साधं क्रीम. हळूहळू ठिपके पुसट झाले.

एकदा मी म्हणाले, "मनीषा, तुझेही गेले की गं!"

ती हसली. "आत्या, माझ्या नाकावर होते कवा? तुमी लई भ्याल्या होत्या, म्हणून लावत होते."

मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.