हिऱ्याचा पाय आणि पुरलेला जार

आमचं मूळ गाव धुळ्याकडचं भाऊ, बापानं लग्नातल्या नवरदेवासाठी घोडी पाळली, मीबी तेच धरलं अन् जळगावात मेहरूणला येऊन राह्यलो. माझ्याकडं दोनच जनावरं, एक गाभण घोडी अन् एक घोडा, हिरा. हिरा म्हणजे काय सांगू तुम्हाला, ढोल वाजला का बाजेवर चारी पाय ठेवून नाचायचा. एका वरातीत ती बाजच मोडली अन् त्याच्या पुढच्या पायाची शीर फाटली.

जनावरांचे डॉक्टर म्हणे, दगाभाऊ, मूळपेशी टोचल्या तर शीर सांधू शकते, पण त्या काढायला छातीच्या हाडात जाड सुई घालावी लागते. हिरा तर सुई दिसली का पिसाळायचा. शेपटीच्या बुडाच्या चरबीतूनबी निघतात म्हणे, पण नाचून नाचून याची नुसती हाडं राह्यलेली, चरबी कुठली? मंग तेच म्हणे, तुमची घोडी व्याली का नाळेतलं रक्त अन् जार, म्हणजे मागून पडते ती वार, मला द्या, त्यातबी त्या असतात, कोणालाच टोचायला नको. फक्त जार मातीला लागू द्यायचा नाही. वाट पाहत बसलो भाऊ.

अन् व्याली ती नेमकी मी चारा आणायला गेलो तेव्हा. घरी माय, गावाहून घोडीच्या बाळंतपणासाठीच आलेली. तिला सांगितलं व्हतं हो, पण गाई-म्हशींचे जार पुरण्यात जनम गेला तिचा, उघडा जार पाह्यला अन् हात थांबले नाही. डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन आले तर माय म्हणे, कुत्रं तोंड लावी ते दूध आटी, बठ्ठा जार गाडी दिधा. सगळा पुरून टाकलेला. उकरला तर माती अन् हळद. डॉक्टर म्हणे, आता उपयोग नाही, अन् रिकामा डबा घेऊन गेले.

मंग राह्यली सुई. दवाखान्यात नेला, गुंगीचं औषध दिलं, तरी सुई लागताच हिरा उसळला अन् पडला तो त्याच पायावर. हाड मोडलं. मंग एकच इंजेक्शन राहतं भाऊ, तुम्हाला कळलं असंल. मी मान मांडीवर घेऊन बसलो, लय रडलो.

मायला सांगितलं, वय झालं व्हतं त्याचं. ती रोज सकाळी जार पुरला तिथं पाणी घालते, शिंगराच्या पाठीवरून हात फिरवते अन् म्हणते, उदंड जग रे बाबा, तुना जार मीच गाडेल शे. मी ऐकतो, अन् हिऱ्याच्या वाट्याचं गवतबी घोडीपुढं टाकतो.