हिमानीच्या लग्नातला एकशे एक रुपयांचा आहेर

माझे नाव निरंजन कौतिक महाजन, वय ६१ वर्षे, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार जैनाबाद, जिल्हा बुऱ्हानपूर, मध्य प्रदेश. प्रकाश चौधरी यांच्या अर्जावरून मला ठाण्यात बोलावले, म्हणून समक्ष हजर होऊन सांगतो ते असे. मला हिंदी येते. परंतु माझ्या तोंडून जे गेले ते मराठीत गेले, म्हणून जबाबही मराठीत घ्यावा अशी विनंती केली. हेड साहेब जीवन सोनवणे यांना मराठी येत असल्याने ते लिहून घेत आहेत.

प्रकाश माझा शेजारी. त्याची मुलगी हिमानी हिचे लग्न तुकईथडच्या उखर्डू पाटलांच्या मुलाशी मागच्या महिन्यात जैनाबादेत, दारासमोर मांडव घालून झाले. आमच्याकडे लग्नात आलेला आहेर माईकवरून पुकारतात. ते काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्याचे मी काही घेत नाही. आवाज चांगला आहे आणि माईक हातात आला की मला आवरत नाही, हे खरे. पाकिटावर असेल ते सगळे मी वाचतो. कोणी नावापुढे बी.ए. लिहिले तर बी.ए. वाचतो, कोणी दुकानाचा पत्ता लिहिला तर पत्ताही वाचतो. लोक हसतात आणि मलाही बरे वाटते.

प्रकाशने माल वाहायच्या ऑटोसाठी एका खासगी फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले होते. हप्ते थकल्याचे मला माहीत नव्हते. व्याह्यांना तर कर्जच माहीत नव्हते. कंपनीच्या वसुलीचे काम सागर शिंपी करतो. तो जैनाबादचाच. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. फोन करतो तो दिवसा, आणि बोलतो तो भाऊ, वहिनी करून. प्रकाशची बायको उषा सांगते की घरी आला तर चप्पल बाहेर काढतो, पाणी दिले तर पितो. लग्नाच्या आधी तो प्रकाशला म्हणाला होता, "भाऊ, पोरीचं लग्न आहे. टेन्शन नका घेऊ, मी एक शब्द बोलणार नाही." तो खरेच एक शब्द बोलला नाही.

लग्न लागून दुपारची पंगत बसली तेव्हा सागर मांडवात आला. त्याने नवरा-नवरीला हात जोडले, उखर्डू पाटलांना रामराम केला. माझ्या टेबलावर पाकीट ठेवून "काका, आहेर" एवढेच म्हणाला आणि जेवायला बसला.

मी पाकीट उचलले व पुकारले. आधी कंपनीचे नाव, मग "वसुली विभाग, बुऱ्हानपूर, यांच्याकडून आमचे ग्राहक प्रकाशभाऊ चौधरी यांच्या कन्येस आहेर, एकशे एक रुपये." वसुली हा शब्द तोंडातून गेला तेव्हाच थांबायला पाहिजे होते. पण पुकारण्याची माझी एक लय असते. उचलली जीभ लावली टाळ्याला. कर्णा गावच्या चौकापर्यंत ऐकू जात होता.

उखर्डू पाटील पंगतीत होते. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. ते रागावले नाहीत. निरोपाच्या वेळी गाडीत चढवलेले कपाट आणि फ्रीज मात्र त्यांनी खाली उतरवायला लावले. उषाला म्हणाले, "सामान इथंच राहू द्या, विहीणबाई. कल को कोणी किस्त मागाले आमच्या दारी आला तर?" हिमानी बाजूलाच उभी होती. रडणे थांबवून ती माझ्याकडे पाहत राहिली.

मांडवपरतणीला मुलीला माहेरी आणायला मुराळी म्हणून हिमानीचा मामा निघाला, तेव्हा मीही येतो म्हणालो. तुकईथडला आम्हाला चहा मिळाला. पाटील म्हणाले, "पाठवू की, इतकी जल्दी काय आहे?" हिमानी बाहेर आली नाही. ती अजून माहेरी आलेली नाही. फोन केला तर सासूच बोलते.

प्रकाशचा अर्ज सागरविरुद्ध आहे, म्हणून साहेबांच्या विचारण्यावरून सांगतो की सागरने शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. वेळ दिवसाची होती. पाकीट मोठ्याने वाच असेही तो म्हणाला नाही. साहेब म्हणाले, आहेर देणे हा गुन्हा होत नाही, वाचले तुम्ही. बरोबर आहे. प्रकाश कालपासून माझ्यामागे लागला आहे, "निरंजनभाऊ, एवढंच बोल की सागर म्हणला जोरात वाचा. केस झाली तर पाटलांना कळेल की जुलूम आमच्यावर झाला. पोरगी घरी येईल. तुझं काय जातं?" माझे काय जायचे ते गेलेच आहे. पण जे झाले नाही ते मी लिहून देणार नाही.

जे झाले ते मात्र लिहून घ्यावे. मागच्या वर्षी सागरची बहीण सायली हिच्या लग्नात मीच आहेर पुकारला. सागर माझ्या शेजारी उभा होता. माईकवर मी चष्मा लावत नाही, म्हातारा दिसतो. त्यामुळे बारीक अक्षराची पाकिटे नुसती रक्कम सांगून पुढे सरकवतो. त्यावरून सागरने तेव्हा माझी थट्टा केली होती, "काका, मोठं लिहिलं तरच तुम्ही वाचता." कंपनीचे सगळे कागद हिंदीत येतात, ते प्रकाशकडे आहेत. हे पाकीट मराठीत होते, काळ्या स्केचपेनने, बोटाएवढ्या जाड अक्षरांत. असे अक्षर त्या दिवशीच्या दुसऱ्या एकाही पाकिटावर नव्हते. सागरने वसुलीचे नियम सगळे पाळले आणि तोंड माझे वापरले. हे माझे मत आहे. पुरावा होतो की नाही ते साहेबांनी पाहावे. पाकीट सोबत जमा केले आहे.

पुढचे मी माझ्या हाताने लिहितो. सांगणे संपल्यावर हेड साहेब जबाब मोठ्याने वाचू लागले. दार उघडे आहे आणि बाहेर बाकावर तुकईथडचे दोघे जण मोबाईल हरवल्याची तक्रार घेऊन बसले आहेत. मी साहेबांना थांबवले. कागद हातात घेतला, खिशातून चष्मा काढून लावला आणि शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करतो.

(निरंजन कौतिक महाजन)