पुतळ्याची डावी करंगळी

दिनांक १० फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

नाव: श्रीमती गुणाबाई मष्णू पावले. वय: ५८. शिक्षण: सातवी. धंदा: भातशेती व योगवर्ग चालविणे. राहणार: येळ्ळूर, तालुका व जिल्हा बेळगाव.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मला कन्नड समजते आणि बोलताही येते. पण जबाब मराठीत घ्यावा असा माझा आग्रह आहे. यात जे लिहिले जाईल ते माझ्याच शब्दांत असावे. हवालदार स्वरूप यांना मराठी लिहिता येते, म्हणून त्यांनी लिहून घेतला.

काल रविवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास निपाणी येथील ऋजुयोग पीठाच्या आवारात कै. यमनाप्पा आप्पा यांच्या पुतळ्याची डावी करंगळी तुटली. ती मी तोडली. माझा मुलगा सौरव बाहेर बाकावर बसला आहे. गर्दीत धक्का लागला असे सांग, म्हणून तो काल रात्रीपासून माझ्या मागे लागला आहे. धक्का वगैरे काही लागला नाही. मी चौथऱ्याच्या तीन पायऱ्या चढले, पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि मारला. नारळ फुटला नाही. शेजारच्या बोटाचाही टवका उडाला, तेवढे मात्र चुकून झाले.

आप्पा मूळचे निपाणीचे. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तिथे यंत्रात सापडून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. पुढे कंबर धरली, तेव्हा तालमीतल्या भावकू वस्तादांनी त्यांना आसने शिकवली. वस्तादांकडून शिकलो हे आप्पा कोणालाही सांगत, त्यात लपवण्यासारखे त्यांना काही वाटत नसे. नंतर पिरनवाडीला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वर्ग काढला. त्यालाच लोक ऋजुयोग म्हणू लागले. ऋजु म्हणजे सरळ. मी २००१ च्या पावसाळ्यात, भाताच्या लावणीत कंबर मोडली म्हणून त्यांच्याकडे गेले आणि बावीस वर्षे राहिले. येळ्ळूरचा वर्ग त्यांनी मला लावून दिला. तुटके बोट लोकांना दिसू नये म्हणून आप्पा चारचौघांत डावा हात उपरण्याखाली ठेवत. जे त्यांच्याजवळ बसून शिकले त्यांनाच तो हात माहीत.

२०१९ मध्ये आप्पांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. त्यानंतर ते तोंडाने काही सांगत नसत, अंगाने करून दाखवत. २०२३ च्या उन्हाळ्यात मी माझ्या फोनवर त्यांचे एकतीस व्हिडिओ काढले. करताना त्यांना स्वतःला बघता यावे म्हणून फोनचा पुढचा कॅमेरा लावत होते. माझा फोन पुढच्या कॅमेऱ्याचे सगळे आरशातल्यासारखे उलटे करून ठेवतो. हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. कोणता व्हिडिओ कशासाठी, हे नाव प्रत्येकाला मी दिले.

आप्पा २१ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. आपल्यामागे कोण, हे त्यांनी लिहून ठेवले नाही. गादी मला पाहिजे होती. खोटे कशाला सांगू? ती मलाच मिळणार असे मी धरून चालले होते.

रविराज, जो आता स्वामी ऋजुनाथ म्हणवतो, याची बेळगावात व्यायामशाळा होती. आप्पांकडे तो चार-पाच वेळा आला असेल, दर वेळी फोटोवाला बरोबर. आप्पा गेल्यावर पाचव्या दिवशी तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "आक्का, फोन द्या, आप्पांचं सगळं पीठासाठी जपून ठेवू या." मी दिला. तिसऱ्या दिवशी फोन परत आला. तोवर एकतीसच्या एकतीस व्हिडिओ त्याच्याकडे गेले होते.

तेराव्याला त्याने माइक हातात घेतला. बारा वर्षे दर मार्गशीर्षात आप्पा त्याला जांबोटीच्या रानात नेत आणि तिथे गुप्त दीक्षा देत, असे त्याने सांगितले. आप्पा जांबोटीला उभ्या आयुष्यात एकदा गेले, माझ्या भाचीच्या लग्नाला. परतीची बस आली नाही, नऊ किलोमीटर चालावे लागले, त्यानंतर त्यांनी त्या गावाचे नाव काढले नाही. मग रविराजने माझ्याकडे बोट करून सांगितले, "आप्पांच्या भाकरी थापणाऱ्या गुणाक्काही इथे आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या." टाळ्या झाल्या. मी आप्पांच्या घरी एकही भाकरी थापलेली नाही. आप्पा स्वतः थापत, आणि माझ्यापेक्षा चांगली थापत. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत, हे लिहा.

पुढे रविराजने निपाणीला पीठ काढले आणि त्याच्या भिंतीवर गुरुपरंपरेचा फलक लागला. त्यात हिमालयातला एक सिद्ध, त्याच्या खाली तीन नावे मी कधी न ऐकलेली, मग आप्पा, मग रविराज. भावकू वस्ताद नाहीत. मी नाही.

१५ जानेवारी २०२४, संक्रांतीच्या दिवशी, पिरनवाडीला त्याचे पहिले शिबिर झाले. मी मागच्या रांगेत बसले होते. भिंतीएवढ्या पडद्यावर माझे व्हिडिओ लावले आणि मला दिसले की आप्पांच्या उजव्या हाताचे बोट तुटलेले आहे. तेव्हा मला कळले की सगळे उलटे झाले आहे. चारशे माणसे बसली होती, एकाला दिसले नाही. व्यासपीठावर तो बसला होता, बारा वर्षांचा शिष्य, त्यालाही दिसले नाही. मला इतका आनंद झाला की मी प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. मनात म्हटले, बाळा, आता कासरा माझ्या हातात आला. मी कोणाला काही बोलले नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. कधी फोडायचे ते आपण ठरवायचे, असा माझा हिशेब होता.

सप्टेंबरमध्ये मूर्तिकार किशन माझ्याकडे आला. पुतळ्याचे काम त्याला मिळाले होते. आमचे बोलणे असे झाले.

"आक्का, आप्पांचं बोट कुठल्या हाताचं गेलतं?"

"व्हिडिओ बघितलास न्हवं? त्यात दिसतंय तसं कर की."

"तुमच्या तोंडनं एकदा ऐकावं म्हटलं. तुमी जवळच्या."

"मी भाकरी थापणारी, बाबा. तुझा स्वामी बारा वर्सं त्येंचा हात धूत हुता म्हण. त्येलाच इचार जा."

किशनने विचारले. रविराजने उजवा सांगितला. किशनचा यात दोष नाही, त्याला त्रास देऊ नये.

काल अनावरण झाले. तीन हजारांवर लोक असतील. पडदा बाजूला झाला तेव्हा पुतळ्याचा उजवा हात आशीर्वादाचा, करंगळी नाही, आणि डावा हात मांडीवर, पाचही बोटे जागच्या जागी. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले आणि मोठ्याने विचारले, "स्वामी, आप्पांचं बोट कुठल्या हाताचं तुटलेलं?" तो हसून म्हणाला, "माई, उजव्या. हा हात मी बारा वर्षे धुतला आहे." मी शालूबाईंना वखारीच्या आठ जुन्या बायकांसह मुद्दाम पुढे बसवले होते. शालूबाई ऐंशीच्या आहेत, आप्पांबरोबर तंबाखू निवडत होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "काय सांगतोस रं? डावा हात हुता. रगात थांबंना म्हणून माझाच पदर फाडून बांधला मी." बाकीच्या बायकांनी आपापले डावे हात वर केले. मंडपात हसू पसरले. एवढ्यासाठी मी तेरा महिने थांबले होते. तो क्षण मला जसा पाहिजे होता तसाच आला, आणि दहा-बारा सेकंद टिकला.

मग रविराजने डोळे मिटले आणि माइकवर सांगितले, "सिद्ध पुरुषाला डावं-उजवं नसतं. देह ठेवण्याआधी आप्पांनी आपलं व्यंग बाजू बदलून मला दाखवलं होतं. ही त्यांची लीला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघा हसलेल्यांनीही वाजवल्या. शालूबाईंना स्वयंसेवकांनी खांदे धरून खाली बसवले. त्यानंतर मी पायऱ्या चढले. पुढचे वर आले आहे.

ठाण्याच्या साहेबांनी विचारले, पश्चात्ताप आहे का? करंगळीचा नाही. आप्पांच्या अंगावर नसलेले बोट मी काढले. उजव्या हाताला ते किशनकडून लावून घ्यावे.

यापुढचे लिहू नये असे साहेबांचे मत होते. ते म्हणाले, "आक्का, पुतळ्याच्या केसला एवढं बस झालं. त्या पोरीचं ह्यात कशाला घालता? तुम्हीच अडकाल." तरी ते लिहून घ्यावे, अशी माझी मागणी आहे.

पूर्णिमा, वय २७, राहणार पिरनवाडी, शाळेत शिक्षिका. ती आठवीत असल्यापासून माझ्या वर्गात होती. हात लावून शिकवलेल्या माझ्या पोरींत तिच्यासारखी दुसरी नाही. तेराव्यानंतर ती रविराजकडे गेली आणि संक्रांतीच्या शिबिरात व्यासपीठावर जाऊन त्याच्या पाया पडली. ते मी मागच्या रांगेतून पाहिले.

१६ जून २०२४ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास ती येळ्ळूरला माझ्या घरी आली. डावा पाय ओढत होती. कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते, म्हणाली. "आक्का, स्वामींनी व्हिडिओतलं करायला सांगितलंय. डाव्या पायाला पंचा घालून वर ओढायचं. ओढलं की लईच दुखतंय. बाजू बरोबर हाय न्हवं?"

आप्पांचा नियम असा की दुखऱ्या पायाला कधी ओढायचे नाही. तो गुडघ्यात मोडून निवांत ठेवायचा आणि चांगला पाय ओढायचा. त्या व्हिडिओत आप्पा उजवा पाय ओढत होते. उलटा झाल्यावर डावा दिसतो. त्या व्हिडिओला "डावा पाय दुखणे" हे नाव मीच दिले होते आणि रविराजने ते तसेच ठेवले होते. हे सगळे मला त्या संध्याकाळी माहीत होते. बाजू चुकली आहे, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पण ती घरी जाऊन रविराजला सांगणार, तो व्हिडिओ सरळ करून घेणार आणि माझ्या हातातला कासरा जाणार, हे मला दिसत होते.

मी म्हटले, "ज्येच्या पाया पडलीस, त्येलाच इचार की."

ती थोडी हसली. मी चहा दिला, तो तिने घेतला आणि सातच्या बसने गेली.

ती पुढे चार महिने तेच करत राहिली. नोव्हेंबरमध्ये तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. डाव्या पायाचे पाऊल आता वर उचलत नाही. साहेब म्हणाले, डॉक्टरांचे मत घ्यावे लागेल, कदाचित हे तसेही झाले असते. डॉक्टरांचे डॉक्टर सांगतील. ऑपरेशनचे कळल्यावर मी भेटायला गेले नाही. पुतळा उभा राहायला तीनच महिने होते.

काल करंगळी तुटल्यावर पोलिसांनी मला मंडपाबाहेर खुर्चीवर बसवले. तिथे पूर्णिमा वॉकर घेऊन आली. मंडपात तिने सगळे ऐकले होते आणि व्हिडिओतल्या उजव्या हाताशी ताडून पाहिले होते. तिने विचारले, "व्हिडिओ उलटा हाय हे तुमाला कवा कळलं?"

"संक्रांतीला," मी म्हटले.

"ह्या?"

"गेल्या."

तिने बोटांवर महिने मोजले. जूनवर आल्यावर थांबली. ती वॉकर वळवून गेली. रस्त्यापर्यंत जायला तिला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी बघत होते.

तरी माझे म्हणणे असे की रविराजला सोडू नये. न शिकलेली विद्या त्याने शिकवली, नको तो पाय ओढायला लावला, आणि चुकले हे कळल्यावर त्याला लीला म्हटले. पूर्णिमाच्या पायाबद्दल त्याच्यावर गुन्हा घालावा. त्याला त्यात घ्यायचे तर मलाही घ्यावे लागेल, हे साहेबांनी मला दोनदा समजावून सांगितले. मला समजले आहे. माझे नाव आधी घाला, पण त्याचे गाळू नका. त्याच्या शेजारच्या कोठडीत बसायची माझी तयारी आहे.

हा जबाब हवालदार स्वरूप यांनी मला सावकाश वाचून दाखवला. पूर्णिमाचा भाग मी पुन्हा वाचायला लावला. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे उतरले आहे आणि बरोबर आहे. १६ जूनची संध्याकाळ तेवढी चूक निघावी असे मला फार वाटते, पण तीही बरोबर आहे.

सही: गुणाबाई मष्णू पावले