पुसलेली भुरी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगते. वडगावच्या आमच्या मळ्यात भोपळ्याच्या पानांवर पांढरी भुरी पडली होती. पुण्याच्या विद्यापीठातले एक सर अशाच बुरशींवर संशोधन करत. "रोगट पानं वर्तमानपत्रात दाबून ठेव, मी सोमवारी नेईन," असं ते मला सांगून गेले. मॅट्रिकनंतर मला सायन्सला जायचं होतं आणि माझे वडील, आप्पा, ते सरांनाच विचारून ठरवणार होते. म्हणून मी अगदी जीव ओतून काम केलं.

सोमवारी सरांनी भिंग लावलं. पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"यावरची भुरी कुठे गेली गं?"

"पुसली," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"पुसली?"

"ओल्या फडक्यानं. दोनदा. पाहुण्यांना घाणेरडी पानं कशी द्यायची?"

आप्पांची मान अभिमानानं ताठ झाली. "पोरगी लई टापटिपीची हाय, सायेब. मग, घालू का कालिजात?"

सरांनी भिंग खिशात ठेवलं.

"घाला की. पण प्रयोगशाळेत हिच्या हाती फडकं लागू द्यायचं नाही, एवढं मी बघतो."