टाकीत वारा वाढवल्याबाबत

नाव : तुळजाबाई सोनबा खुटवड, वय ४६ वर्षे, धंदा : फरसाण कारखान्यात पॅकिंग, राहणार लोणी काळभोर, पुणे.

पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी व माझे पती सोनबा एकाच कारखान्यात कामाला होतो. हे आधीही सांगून झाले आहे. पुन्हा सांगते.

बेसनाची टाकी आतून साफ करण्याचे काम पतीकडे होते. आत उकाड्याने जीव नकोसा होतो, म्हणून आत उतरणारा माणूस कॉम्प्रेसरच्या हवेची नळी सोबत घेतो. तिने पीठ उडवायचे आणि तोंडावर वाराही घ्यायचा. सगळे असेच करतात, मॅनेजरांच्या डोळ्यांदेखत.

परवा दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. पॅकिंगची मशीन हवेवर चालते. ती थांबू नये म्हणून मॅनेजरांनी फिटर यज्ञेश्वर याला नायट्रोजनची लाइन हवेच्या लाइनला जोडायला लावली. हे यज्ञेश्वरने मला नंतर रडत सांगितले. फरसाण खवट होऊ नये म्हणून नायट्रोजन पाकिटात भरतात, एवढेच आम्हाला माहीत होते; नुसत्या नायट्रोजनमध्ये माणूस गुदमरतो, हे नंतर कळले. त्याला वास नसतो. नळीतून वारा रोजच्यासारखाच येत होता.

मॅनेजर म्हणतात, सोनबा दारू पिऊन आत उतरला व नळीचा वारा सोडायचा कॉक त्यानेच उघडला. माझ्या पतीने उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. गावात कोणालाही विचारा. मला विचारून तुम्ही दमत नसाल, मी दमले आहे. कॉक टाकीच्या बाहेर आहे, आतून हात पोचत नाही.

काल मॅनेजर घरी आले व म्हणाले, "बाई, कॉक त्यानंच उघडला म्हणा. तुमच्यावर काही येणार नाही." मेलेल्या माणसाच्या माथी मारून मला सुटायचे नाही.

परवा मी टाकीजवळ गेले तेव्हा पतीने आतून हाक मारली, "तुळजे, गरगराया लागलंय. वारा वाढव गं." मी कॉक पूर्ण उघडला. "आता बरं हाय का?" असे विचारले. ते काही बोलले नाहीत. वाऱ्याने डोळा लागला असेल, थोडे पडू दे, असे वाटून मी पॅकिंगला परत गेले.

हा मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. कॉक मी उघडला, हे वाक्य कोणी सांगितले तरी खोडू नये.